नववीची मुलं वर्गात तोंडच उघडत नाहीत, संवादकौशल्याच्या तासाला नक्की घ्यायचं काय?

अहिराणी_मास्तर:

नमस्कार मंडळी, धुळे जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मराठी शिकवतो, नववी आणि दहावी. यंदा मुख्याध्यापकांनी नवीन काढलंय. ते आनंददायी शनिवार पहिली ते आठवीला सुरू झाल्यापासून त्यांच्या डोक्यात होतंच की नववीलापण काहीतरी पाहिजे, तर शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास नववीला 'संवादकौशल्य', आणि मराठीचा शिक्षक म्हणून ते पडलं माझ्या गळ्यात. साहित्य काय तर एक पीपीटी, कुठल्यातरी प्रशिक्षणातून फिरत फिरत आलेली. संवादाचे प्रकार, संवादातील अडथळे, देहबोलीचे महत्त्व, नेत्रसंपर्क ठेवावा वगैरे. पोरांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं, खाली लाल पेनाने रेघ मारली, उद्या चाचणी लावली तर पैकीच्या पैकी घेतील. आणि त्याच तासाला एकाला विचारलं की बाबा काल का नाही आलास, तर तो बाकाकडे बघत उभा. शेजारचा सांगतो, सर त्याची बकरी व्याली.

हीच पोरं मधल्या सुट्टीत ऐकण्यासारखी असतात. कबड्डीत गडी आउट की नॉट आउट यावर अशी जुंपते, मागच्या डावात तू काय बोलला होतास ते काढतात, साक्षीदार आणतात, वकील लाजेल, आणि सगळं अहिराणीत. घंटा झाली, वर्गात आले की तोंडाला कुलूप. मुलींचं तर विचारूच नका, उभी केली की ओढणीचं टोक आणि 'सर मला नाही येत'.

तर प्रश्न असे की ६४ जणांच्या वर्गात सलग दोन तासांत घ्यायचं काय? भाषणं घेऊ का? तसं तर १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती, मग २ ऑक्टोबर, ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ, दरवेळी भाषणं होतातच, पण बोलणारी तीच ठरलेली चार-पाच, तीपण मोठ्या भावाने लिहून दिलेलं नाहीतर मोबाईलवरून उतरवलेलं म्हणतात, बाकीची टाळ्या वाजवायला. दुसरं म्हणजे प्रमाण मराठीचा आग्रह धरायचा की सोडायचा? आणि दहावीला भाषेचे २० गुण अंतर्गत असतात, त्यात श्रवण-भाषण येतं, त्याची खरी तयारी यातून होईल का की ते नेहमीसारखं कागदोपत्रीच? ज्यांनी वर्गात प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज. पुस्तकी नको, पीपीटी आहे माझ्याकडे.

निवृत्त_गुरुजी_वाई:

सर, नवीन तासाचं नंतर बघू, आधी जो रोज होतोच तो परिपाठ बघा. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. रोज पंधरा-वीस मिनिटं माईक पोरांच्या हातात असतो आणि त्यात एकही पोरगं कोणाशी बोलत नसतं. बातम्या म्हणजे पेपरातला मथळा वाचायचा, रेपो दर वाढला, वाचणाऱ्याला रेपो म्हणजे काय ते माहीत नाही आणि ऐकणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. मी शेवटच्या काही वर्षांत एवढंच केलं की पेपर बंद केला. बातमी गावातली पाहिजे, स्वतः बघितलेली नाहीतर घरी विचारून आणलेली. ओढ्यावरचा पूल खचला, अमक्याच्या विहिरीला पाणी लागलं, यात्रेतला कुस्त्यांचा फड यंदा कुठे भरणार. आणि बातमी झाली की समोरून दोन प्रश्न आलेच पाहिजेत, त्याशिवाय पुढचा नंबर नाही. सुरुवातीला 'गुरुजी काय विचारू' हाच प्रश्न. मग एकदा मागून कोणीतरी विचारलं, पूल खचला तर दुधाची गाडी आता कुठनं येती? सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो डेअरीत विचारून आला आणि न बोलावता पुढे आला. हा गडी त्याआधी कधी सुविचार सांगायलापण उभा राहिला नव्हता.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. वर्गात पोरं गप्प असतात कारण आपण विचारतो ते आपल्याला आधीच माहीत असतं. पाठाचे लेखक कोण, कवितेचा भावार्थ काय. ती तपासणी झाली, चुकलं की वर्ग हसणार, मग कोण कशाला तोंड उघडेल. तुमच्या त्या बकरीवाल्याला 'का नाही आलास' विचारलंत म्हणजे गैरहजेरीचा जाब मागितलात. त्याला विचारा बकरी अडली होती का, पिल्लं किती झाली, चीक कोणाकोणाला दिला. हे तुम्हाला खरंच माहीत नाही आणि त्याला माहीत आहे.

प्रमाण भाषेचा आग्रह पहिले काही महिने तरी सोडाच. आधी बोलू तर द्या. नंतर त्याच पोराला सांगायचं की हीच गोष्ट आता तहसील कचेरीतल्या साहेबाला सांगायची आहे, तिथे अहिराणी कळणार नाही असं समज, आता कसं सांगशील. तिथे भाषा बदलायला कारण मिळतं, आणि आपली भाषा चुकीची म्हणून बदलायला लावली असं होत नाही.

मॅडम_कळवा:

गुरुजींना अनुमोदन. मी इंग्रजी शिकवते, तेपण मराठी माध्यमात, म्हणजे माझ्याकडे तर दुप्पट शांतता. एक खेळ सांगते, खर्च शून्य, ६४ काय ८० असले तरी चालतो कारण सगळे एकदम बोलतात, कोणी उभं राहत नाही, कोणाकडे वर्ग बघत नाही.

जोड्या करायच्या, पाठीला पाठ लावून बसवायचं. एकाच्या हातात तुम्ही काढलेली आकृती, साधीच, म्हणजे एक चौकोन, त्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याला चिकटलेला छोटा गोल, चौकोनाच्या आत खालच्या बाजूला टेकलेला त्रिकोण, त्रिकोणाचं टोक डावीकडे. दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्याने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. पहिल्या फेरीत काढणाऱ्याने एक शब्द बोलायचा नाही, प्रश्न नाही, हूं नाही. दुसऱ्या फेरीत आकृती बदलायची आणि आता काढणारा हवं ते विचारू शकतो. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

पहिल्या फेरीत जे होतं ते बघण्यासारखं असतं. 'चौकोन काढ, त्याच्यावर गोल काढ.' आता वर म्हणजे चौकोनाच्या डोक्यावर की चौकोनाच्या अंगावर? अर्ध्या वर्गाचा गोल चौकोनाच्या आत, अर्ध्यांचा बाहेर लोंबकळत. 'त्रिकोण आडवा काढ', आडवा म्हणजे कसा ते सांगणाऱ्यालाच ठाऊक. आणि सगळे सांगणारे खात्रीने म्हणतात मी बरोबरच सांगितलं मॅडम, हिलाच कळत नाही. दुसऱ्या फेरीत आवाज तिप्पट होतो, शेजारचा वर्ग तक्रार करतो, आणि आकृत्या बऱ्याच जुळतात. मग मी फक्त एवढंच विचारते की कोणत्या प्रश्नामुळे काम झालं. पोरं स्वतः सांगतात, 'ती म्हणाली किती मोठा, तेव्हा मला सुचलं की एका रुपयाएवढा म्हणावं.' माझ्या मते ऐकण्यावरचं सगळं व्याख्यान इथे होऊन जातं, वेगळं द्यायची गरज नाही.

एक सांभाळा, जोड्या तुम्ही लावा. पोरांवर सोडलं की हुशार हुशाराबरोबर आणि शेवटी कोणालाच नको असलेली दोघं एकत्र, ते फार वाईट दिसतं. पहिले काही शनिवार मुलींच्या जोडीला मुलीच द्या, तुमच्याकडे तरी.

गावाकडची_डॉक्टर:

मी शिक्षक नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षं १०८ च्या गाडीवर ड्युटी केली, आता ग्रामीण रुग्णालयात आहे. कॉल कसा येतो सांगते. फोन आधी जातो कॉल सेंटरला, तिथे बसलेल्या माणसाला तुमचं गाव, तुमचा ओढा, तुमचा पाटील काहीही माहीत नसतं. आणि इकडून ओरडणं सुरू, 'लवकर या, लय सिरीयस आहे, आमच्या पिंपळगावला या'. पिंपळगाव कोणतं? तालुका सांगा. 'अहो पिंपळगाव माहीत नाही का तुम्हाला!' महाराष्ट्रात पिंपळगावं किती आहेत ते मोजायला बसलं तर दिवस जाईल. मग पत्ता मिळतो तो 'बापूंच्या मळ्यात'. गाडी गावात येऊन पाराजवळ उभी आणि मळा कुठल्या अंगाला ते सांगायला रस्त्यावर कोणी नाही, कारण सगळे पेशंटभोवती.

तर सर, एक शनिवार यासाठी द्या. एक पोरगा फोन करणारा, एक कॉल सेंटरवाला, तो खरंच अनोळखी असल्यासारखा वागणार, काहीही गृहीत धरणार नाही. काय झालं, कोणाला, वय अंदाजे किती, शुद्धीत आहे का, श्वास चालतोय का, गाव-तालुका-जिल्हा, जवळची खूण म्हणजे शाळा, मंदिर, पाण्याची टाकी असं काहीतरी रस्त्यावरून दिसणारं, फोन करणाऱ्याचा नंबर, आणि समोरच्याने ठेव म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. शेवटी एकाला रस्त्यावर उभं करायला सांगायचं. घरात मोठी माणसं रडत असतात तेव्हा फोन हातात असतो तो बहुतेक नववी-दहावीतल्या पोराच्या. फक्त खरा १०८ लावून प्रॅक्टिस करू नका, लाइन अडते. पोरं करतील, आधीच बजावा.

अजून एक, आणि हे मुलींसाठी. ओपीडीत आई पुढे, मुलगी मागे. मी मुलीला विचारते काय होतंय, उत्तर आई देते, 'हिच्या पोटात दुखतं'. कुठे दुखतं ग, आई सांगते. कधीपासून, आई सांगते. मुलगी चपलेकडे बघते. आईला दोन मिनिटं बाहेर जाऊन केसपेपरवर शिक्का आणायला सांगितलं की मग हळूच कळतं की पाळी दोन-दोन महिने येत नाही किंवा आली की शाळा बुडवावी लागते इतकं दुखतं. स्वतःच्या दुखण्याबद्दल चार वाक्यं नीट बोलता येणं, कुठे, कधीपासून, कशाने वाढतं, आधी काय औषध घेतलं, हे शिकवा हो. वर्गातल्या सरावाला ताप-खोकला घ्या, लाज वाटेल असं काही नको, एकदा चार वाक्यांची सवय झाली की ती कशालाही वापरता येते. हा तास मॅडम कोणी असतील तर मुलींचा वेगळा घेतला तर अजून बरं.

करंडकवाला:

सगळ्यांनी भाषणाला झोडपलंय म्हणून मी जरा उलट बाजू मांडतो. मी 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्याल अशी नम्र विनंती' याच कारखान्यातून बाहेर पडलेला माणूस आहे. दहावीपर्यंत ती चार शब्दं म्हणत आलो, ती कधी चार नसायची. पण त्या पाठांतराने दोन गोष्टी झाल्या. एक, पाय लटपटत असताना आवाज काढायची सवय लागली. दोन, घरात जी मराठी कधी कानावर पडली नसती ती तोंडात बसली, लांब वाक्य कुठे तोडायचं, कुठे थांबायचं. आपल्याकडे कीर्तनकार, शाहीर सगळे पाठांतरातूनच तयार झाले, तुकोबांचे अभंग पाठ नसलेला कीर्तनकार उभा राहील का? आणि तरी कीर्तनात समोर कोण बसलंय ते बघून दृष्टांत बदलतोच की. पाठांतर सोडू नका, त्याच्या पुढे न्या.

मी आता परीक्षक म्हणून जातो तिथे आयोजकांना एकच अट घालतो. भाषण झालं की मी दोन प्रश्न विचारणार आणि त्याला गुण असणार. सावित्रीबाईंवर मुलगी सुंदर बोलली, १८४८, भिडे वाडा, अंगावर शेण-माती, सगळं आलं. मी विचारलं, अंगावर शेण टाकतात हे माहीत असताना त्या रोज घरातून निघताना काय विचार करत असतील? थांबली. मला वाटलं गेली. मग म्हणाली, 'सर, त्या जास्तीची साडी घेऊन जायच्या, म्हणजे त्यांनी ठरवलंच असणार की आज पण टाकणार आणि आज पण शिकवायचं.' भाषणात साडीचा उल्लेख होताच, पण पाठ केलेला. तिथे तो तिचा झाला. बक्षीस कोणाला दिलं ते सांगायला नको.

उत्स्फूर्तपण घ्या, चिठ्ठी उचलायची आणि एक मिनिट विचार करून दोन मिनिटं बोलायचं. विषय मात्र 'मोबाईल शाप की वरदान' नको, त्याची उत्तरं सगळ्यांची एकच असतात. 'आमच्या घरात रिमोट कोणाकडे असतो' असला द्या.

नाशिकचा_पालक:

चर्चा छान आहे पण वास्तव बघा. पुढे इंटरव्ह्यू इंग्रजीतच होणार. माझा मुलगा हुशार आहे पण इंग्लिश बोलायची वेळ आली की गळपटतो. शनिवारचे दोन तास जर स्पोकन इंग्लिशला दिले तर पोरांचं भलं होईल, गावातल्या बातम्या सांगून नोकरी लागत नाही. राग नसावा.

मॅडम_कळवा:

राग कसला, इंग्रजीवरच माझं घर चालतं 😄 पण एक सांगते दादा. दहावीच्या इंग्रजीत व्ह्यू-काउंटरव्ह्यू असा लिहायचा प्रश्न असतो, एक बाजू दिलेली, विरुद्ध बाजू मुलांनी मांडायची. मुलांना इंग्रजी शब्द नंतर अडतात, त्याआधी विरुद्ध बाजू म्हणजे काय बोलायचं हेच सुचत नाही, कारण समोरच्याचं खोडून काढायचं पण त्याला खोडून नाही काढायचं, हे कुठल्याच भाषेत केलेलं नसतं. मी आधी तोच विषय मराठीत दोन गटांत बोलायला लावते, नियम एकच, आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं एका वाक्यात परत सांगायचं आणि समोरचा 'हो, हेच म्हणालो' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. पहिल्यांदा तर मारामारीची वेळ येते कारण कोणी ऐकलेलंच नसतं. त्यानंतर तेच इंग्रजीत. वाक्यं मोडकीतोडकी असतात पण मुद्दा असतो, आणि मुद्दा असला की शब्द शोधायची घाई होते. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये 'माय नेम इज, माय हॉबी इज' पाठ करून आलेली मुलं दुसऱ्या प्रश्नाला थांबतात, हे तुम्हीपण बघितलं असेल.

वाचा_आणि_भाषा:

स्पीच थेरपिस्ट आहे, एक मुद्दा राहिला म्हणून लिहिते. साधारण शंभरात एक माणूस अडखळत बोलतो, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त. तुमच्या शाळेत असं कोणीतरी असणारच आणि ते मूल गप्प राहण्यात तरबेज झालेलं असतं, त्याला शिक्षक लाजाळू म्हणतात. ओळखायची एक खूण, समूहात कविता म्हणताना किंवा गाताना बहुतेकदा अजिबात अडखळत नाही, पण हजेरीला 'हजर सर' म्हणायचं तर त्याचा नंबर जवळ येईल तसा चेहरा घट्ट होतो. काहीजण सोपा शब्द अडतो म्हणून दुसराच शब्द वापरतात, उत्तर येत असून 'माहीत नाही' म्हणतात.

अशा मुलाला 'घाबरू नकोस, हळू बोल, आधी श्वास घे' असं म्हणू नका, त्याला ते घरी रोज ऐकायला मिळतं आणि त्याने अजून ताण येतो. त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, वर्गालाही करू देऊ नका. थांबा, नेहमीसारखं बघत राहा, तो काय सांगतोय तिकडे लक्ष द्या. एकट्यात विचारा की तुला कसं सोयीचं, पहिला नंबर हवा की मधे. कित्येकांना पहिला नंबर बरा वाटतो, वाट बघण्यातच जास्त जीव जातो. आणि तोंडी परीक्षेत त्याचे गुण अडखळण्यासाठी कापू नका, त्याने जे सांगितलं ते ऐका. ज्या मुलाला वारंवार 'आं? काय?' करावं लागतं त्याचे कान एकदा तपासून घ्या, कान वाहणं आपल्याकडे अंगावर काढतात.

अहिराणी_मास्तर:

अरे बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. डॉक्टर मॅडम, तुमचं वाचून आमच्या बाईंना दाखवलं, त्या मुलींचा तास वेगळा घ्यायला तयार आहेत, मुख्याध्यापकांना मी सांगतो. ताई, हजेरीचं वाचून एक नाव लगेच डोळ्यापुढे आलं. मी आता हजेरी नुसती बघून मांडतो, हाका मारायच्याच नाहीत.

गुरुजी, अहिराणीचं तुमचं पटलं पण एक अडचण, आमच्या वर्गात सगळे अहिराणीवाले नाहीत, पावरा बोलणारी सहा-सात आश्रमशाळेतून आलेली पोरं आहेत, त्यांना अहिराणीपण परकी. 'काय करी ऱ्हायना रे' म्हणून बाकीचे गप्पा मारतात तेव्हा ती एका बाकावर. त्यांचं काय करू?

आणि गुणांचं कोणीच बोललं नाही. मला आठवतंय, २०१८-१९ ला भाषेचे अंतर्गत गुण बंद केले होते तेव्हा दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, मग पुढच्या वर्षी गुण परत सुरू. म्हणजे ते २० गुण कसे पडत होते ते सगळ्यांना माहीत आहे. मला खरे द्यायचे आहेत पण बाकी शाळा २० पैकी १९ देणार आणि मी १३ दिले तर माझ्याच पोरांचं नुकसान.

निवृत्त_गुरुजी_वाई:

गुणांच्या बाबतीत साधुसंत व्हायला जाऊ नका, बोर्डाच्या गुणांत पोरांचा बळी देऊन प्रामाणिकपणा दाखवण्यात काही अर्थ नाही. दहावीला द्या जे सगळे देतात. पण नववी शाळेच्या हातात आहे, तिथे खरं मोजा आणि पोरांना दाखवा. मोजायचं तेही बोलणाऱ्याकडे बघून नाही. एकाने सांगितलं, ऐकणाऱ्याला मी बाजूला घेऊन विचारायचो काय कळलं. त्याने नीट सांगितलं तर दोघांनाही गुण, नाही सांगता आलं तर दोघांनाही कमी. अस्खलितपणा, उच्चार, हावभाव यांना गुणच ठेवले नव्हते. पहिल्यांदा ओरड झाली, 'त्याने ऐकलं नाही त्यात माझं काय चुकलं'. पण त्यानंतर सांगणारे सांगता सांगता 'कळलं का रे' विचारायला लागले.

पावरा पोरांना एका बाकावरून उठवा आणि एकेकाला वेगवेगळ्या जोडीत टाका, पण काम असं द्या जे त्यांनाच येतं. डोंगरातली भाजी कशी ओळखायची, मोहाची फुलं कधी वेचतात. जोडीदाराने ते ऐकून वर्गाला सांगायचं. आणि आकृत्यांच्या खेळात त्यांना आधी सांगणारा करा, काढणारा नको. सांगणारा चुकला तरी कागद दुसऱ्याचा वाकडा दिसतो, तेवढाच आधार.

अजून एक काम सुचवतो, तुमच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा मोफत पास असेल. पास आहे पण सकाळची गाडी थांब्यावर थांबत नाही, ही तक्रार कुठल्या गावात नाही? पत्रलेखनात आगारप्रमुखांना पत्र लिहून झालेलंच असतं, मायना, विषय, आपला विश्वासू. आता दोघी-तिघींना खरंच आगारात न्या. गाडी कुठली, वेळ काय, कुठल्या थांब्यावर, किती जणी उभ्या असतात, कधीपासून होतंय, आणि आम्हाला काय हवंय. वाहतूक नियंत्रकाने उलट विचारलं की 'तुम्ही रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभ्या असता' तर काय सांगायचं ते आधी वर्गात घोटून घ्या. पालकांची परवानगी आणि बाई बरोबर असू द्या म्हणजे झालं.

करंडकवाला:

आगाराची आयडिया भारी आहे. फक्त ठरलेल्या चार-पाच वक्त्या पाठवू नका हां, मोह होईल. पहिल्या बाकावरची गेली तर तिथे पण 'सन्माननीय आगारप्रमुख' सुरू करेल 😂

अहिराणी_मास्तर:

हाहा, खरंय, एक आहे तशी. तर ठरलं, या शनिवारी आकृत्या, पुढच्याला १०८, तोपर्यंत परिपाठाचा पेपर बंद करायला मुख्याध्यापकांना गाठतो. आगाराचं दिवाळीनंतर, तोवर त्यांना जरा बोलायची सवय होऊ दे. मॅडम_कळवा, दुसऱ्या फेरीसाठी जरा अवघड आकृती कशी असावी? वक्र रेषा टाकली तर फार होईल का नववीला?

मॅडम_कळवा:

वक्र रेषा तिसऱ्या वेळी. आत्ता फक्त दोन आकार एकमेकांना कापतायत अशी द्या, गोलाच्या मधून चौकोनाची एक बाजू जातेय अशी, तेवढ्यानेच पुरे हाल होतात. आणि कागद पाठकोरे वापरा, ६४ जणांना दोन फेऱ्या म्हणजे गठ्ठा लागतो, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका कपाटात पडलेल्या असतीलच.